४०० अंशांवर भाजलेला क्यूब पाण्यात सांधला, पण त्यात जिवाणू नव्हतेच!

भट्टीपाशी_बसलेली

मंडळी, तीन आठवडे एका गोष्टीवर अडून बसले आहे. गाईडसमोर जाण्याआधी इथं विचारते, म्हणजे जे काही हसू व्हायचं ते इथंच होईल.

विषय असा: स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारं काँक्रीट आगीत सापडलं, तर त्याची ही ताकद उरते का? माझ्या मिश्रणात बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आहेत, फुगवलेल्या मातीच्या हलक्या दाण्यांत मुरवलेले. सोबत त्यांचा खाऊ म्हणून कॅल्शियम लॅक्टेट. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी २००६पासून जी वाट पाडली, तीच. भेग पडली, पाणी आत गेलं, की झोपलेले बीजाणू जागे होतात, लॅक्टेट खातात आणि भेगेत कॅल्शियम कार्बोनेट साचत जातं. साध्या तापमानाला माझ्याकडेही हे झकास चाललं. तिथं तक्रार नाही.

मग भाजणं सुरू केलं. १०० मिमीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, २८ दिवस क्युअरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं), मग ओव्हनमध्ये वाळवून मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबमधल्या बंद भट्टीत. मिनिटाला २ अंश चढ, ठरलेल्या तापमानाला दोन तास, आणि नंतर दार न उघडता रात्रभर भट्टीतच गार. ३००, ४०० आणि ६०० अंश असे तीन गट. (एक क्यूब घाईघाईत अर्धवट वाळवून आत टाकला होता. जेवायला बसलो होतो तेव्हा धाडकन आवाज आला. भट्टीची आतली वीट गेली. त्या दिवसापासून लॅबमधले मामा माझ्याकडे चावी देताना दोनदा बघतात.)

४००च्या क्यूबवर भेगांचं बारीक जाळं आलं, आटलेल्या तळ्याच्या गाळावर येतं तसं. रुंदी ०.१ ते ०.२ मिमी. पाण्यात ठेवले. २८ दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बहुतेक भेगांत पांढरं भरलेलं! मी नाचले. फोटो गाईडना पाठवले, त्यांनी 'वा' असं एका अक्षरात उत्तर दिलं. आमच्याकडे ते फार झालं.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तसेच भाजलेले क्यूब, काढले. बिनजिवाणूंचे, बिनलॅक्टेटचे, वेगळ्या टबात ठेवलेले. त्यांच्याही भेगा भरलेल्या. तशाच. फोटोंवरच्या चिठ्ठ्या झाकल्या तर कुठला क्यूब कुठला ते मलाच सांगता येत नाही. सीटीएमवर, म्हणजे दाबून ताकद मोजायच्या यंत्रावर, फोडून पाहिले, तर दोन्ही गटांची ताकद भाजल्यानंतर होती त्यापेक्षा चांगलीच वाढलेली, आणि तीही जवळपास सारखी.

आणि अजून एक. ८०० अंशांवर गंमत म्हणून एक क्यूब भाजला होता. तो टबात टाकायचा राहून गेला, खिडकीजवळच्या टेबलावर पडून होता. भट्टीतून काढला तेव्हा भेगाळलेला, पण हातात धरता येत होता. दहा-बारा दिवसांनी उचलायला गेले तर कोपरा हातात आला. बोटांनी चुरला तर पीठ. कोणी हातही लावला नव्हता त्याला.

आता सांगा, एकाच घरातला एक भाऊ पाण्यात बसून सुधारतो आणि दुसरा टेबलावर नुसता पडून पीठ होतो, हे काय? आणि माझे जिवाणू यात नक्की काय करत होते?

खडी_वाळू_वगैरे

ताई, जिवाणू काहीच करत नव्हते. ते भट्टीतच गेले. तुमच्या कंट्रोलनं खरं बोलून टाकलं, त्याचे आभार माना. बरेच लोक कंट्रोल भाजतच नाहीत.

मी आयुष्य काँक्रीट फोडण्यात घालवलं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सिमेंट पाण्याशी बांधलं जाऊन दगड होतं. भाजणं म्हणजे ते पाणी परत काढून घेणं. शंभरच्या आसपास मोकळं पाणी जातं. त्याच्या पुढे सी-एस-एच, म्हणजे जो खरा गोंद, त्यातलं बांधलेलं पाणी हळूहळू सुटत जातं. ४०० ते ५००च्या दरम्यान कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोडतो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड उरतो, म्हणजे आपली चुनकळी. ५७३ला गारगोटीचा स्फटिक आपली ठेवण बदलतो आणि एकदम फुगतो. ६००च्या पुढे कार्बोनेटही सुटायला लागतं, ८००पर्यंत चुनखडीच्या खडीचीही चुनकळी होऊ लागते.

आता उलटा विचार करा. पाणी काढून घेतलेला गोंद म्हणजे काय? पुन्हा पाणी प्यायला तयार असलेली पूड. ६००-७००च्या पलीकडे भाजलेल्या सी-एस-एचमधून चक्क बेलाइट तयार होतं, जे मुळात सिमेंटमधलंच एक खनिज आहे. जुनं काँक्रीट दळून, भाजून त्याचं पुन्हा सिमेंट करायचे प्रयोग याच आधारावर चालतात. तुम्ही क्यूब भाजलात तेव्हा तुमच्याही नकळत त्यातला काही भाग परत सिमेंट झाला, आणि टबात टाकल्यावर त्याचं दुसऱ्यांदा क्युअरिंग झालं. शिवाय पहिल्यापासून पाण्याला न भेटलेले सिमेंटचे दाणे आत असतातच, त्यांनाही भेगांतून पाणी पोचलं.

हे नवं नाही. हाँगकाँगमध्ये पून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हेच छापलं: वीस मिश्रणं, ८०० अंशांपर्यंत भाजली, मग पाण्यात किंवा दमट हवेत ठेवली. एका मिश्रणात ताकद मूळच्या ९३ टक्क्यांपर्यंत परत आली. एकही जिवाणू नाही, एकही कॅप्सूल नाही. ही सर्वांत चांगली केस होती हे लक्षात ठेवा, सगळ्यांचा निकाल नव्हे. पण आगीनंतरच्या सांधणीवर कोणी काही दावा करत असेल, तर त्याची तुलना आधी नुसत्या पाण्याशी व्हायला हवी.

आता टेबलावरचा भाऊ. चुना भिजवताना पाहिलाय कधी? दगडासारखा खडा पाणी पितो, तापतो, फुगतो आणि पीठ होऊन खाली बसतो. ८००च्या क्यूबभर अशी बारीक चुनकळी पसरलेली असते. टेबलावर तिला पाणी मिळालं नाही, पण हवेतली ओल मिळाली. तेवढी ओल चुनकळी फुगवायला पुरते, गोंद पुन्हा बांधायला पुरत नाही. चुनकळीचा हायड्रॉक्साइड होताना घन पदार्थाचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. आतून पाचर ठोकल्यासारखं. म्हणून आग विझल्यावर पहिल्याच दिवशी कोअर (भोक पाडून काढलेला गोल नमुना) काढून 'बरं आहे' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. बरंच काँक्रीट आपली सर्वांत वाईट अवस्था आगीनंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी गाठतं.

तुमच्या मिश्रणात फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख, आहे का? ती हायड्रॉक्साइड आधीच खाऊन टाकते, त्यामुळे नंतर चुनकळी कमी आणि हा त्रासही कमी.

आणि भेगांची रुंदी. ०.१-०.२ मिमीची भेग कुठलंही साधं काँक्रीट ओल मिळाली तर स्वतःच बुजवतं. जिवाणूंचा कस त्याच्या पुढे लागतो. डेल्फ्टवाल्यांचा दावा ०.८ मिमीपर्यंतचा आहे. तुम्ही पैलवानाला उशी उचलायला लावलीत.

भट्टीपाशी_बसलेली

पैलवान आणि उशी! हे मी प्रबंधात घालणार.

फ्लाय ॲश नाही, साधं सिमेंट घेतलं होतं, 'गोष्टी सोप्या राहाव्यात' म्हणून. राहिल्या खऱ्या.

एक शंका. बीजाणू भट्टीत गेले असं तुम्ही ठामपणे म्हणताय, पण बीजाणू तर उकळत्या पाण्यातही तग धरतात ना? माझी सगळी मदार त्यावर होती. ४००ला मरतील हे मान्य, पण खऱ्या आगीत आतपर्यंत ४०० कुठं पोचतं?

आगरप्लेट

हा प्रश्न माझ्या अंगणातला. सूक्ष्मजीवशास्त्र, काँक्रीटचं ज्ञान शून्य, तेव्हा चुकलं तर खडीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

बीजाणू उकळत्या पाण्यात तग धरतात हे खरं. म्हणून तर आम्ही उपकरणं नुसती उकळत नाही, ऑटोक्लेव्ह करतो: १२१ अंश, दाबाखालची वाफ, १५ मिनिटं. कोरड्या उष्णतेनं मारायचं तर १६० अंशांवर दोन तास लागतात. हा फरक लक्षात घ्या. वाफेतली उष्णता कोरड्या उष्णतेपेक्षा कितीतरी जास्त घातक.

आता तुमच्या काँक्रीटच्या छिद्रांत तापताना काय असतं? अडकलेलं पाणी आणि दाबाखालची वाफ. म्हणजे तुमचा स्लॅब हाच ऑटोक्लेव्ह! त्यामुळे 'बीजाणू १६०पर्यंत टिकतील' असा हिशेब धरू नका. ओल्या काँक्रीटमध्ये १२०च्या आसपास पाव तास म्हणजे खेळ संपला. फुगवलेल्या मातीचे दाणे मुळात हजार अंशांच्या वर भाजूनच बनवतात, त्यांना काही होणार नाही. घर शाबूत, बिऱ्हाड गेलं. बीजाणू गेले आणि लॅक्टेटही, तो सेंद्रिय पदार्थ आहे, ४००ला तो काय उरणार.

पण हे सगळं गृहीत का धरायचं? भाजलेला क्यूब फोडा, निर्जंतुक खलात पूड करा, अल्कधर्मी आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर, पसरा. तुमचे जिवाणू साडेनऊ-दहा पीएचवर वाढणारे असतील, त्यामुळे बाहेरून आलेली भलती जनावरं तिथं फारशी टिकत नाहीत. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळेल. न भाजलेल्या क्यूबची पूड शेजारी लावायला विसरू नका, नाहीतर रिकाम्या प्लेटचा अर्थ लागणार नाही.

आणखी एक गट हवा: ऑटोक्लेव्हमध्ये आधीच मारलेले बीजाणू + मातीचे दाणे + लॅक्टेट. कारण लॅक्टेट स्वतः सिमेंटवर परिणाम करतं, मातीचे दाणे पाणी साठवून ठेवतात. 'जिवाणूवाला' आणि 'बिनजिवाणूवाला' यांत तीन गोष्टी बदलल्या आहेत, एक नव्हे.

भेगेतल्या पांढऱ्या पदार्थावरून काही कळेल अशी आशाही सोडा. आम्लाचा थेंब टाकला की फसफसेल, पण जिवाणूंचं कार्बोनेट आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं झालेलं कार्बोनेट दोन्ही सारखंच फसफसतं. चुन्याची निवळी फुंकून दुधाळ करायला शाळेत जिवाणू लागले होते का?

सळई_कव्हर_पोपडे

अभ्यास चालू द्या, पण एक सांगतो. आगीत सापडलेल्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. भेगा बुजल्या का, हा माझा चौथा-पाचवा प्रश्न असतो.

पहिला प्रश्न: कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जागेवर आहे का? भट्टीत तुमचा क्यूब फुटला ना, तेच आगीत स्लॅबखाली होतं. २५० अंशांना संपृक्त वाफेचा दाब जवळजवळ ४ मेगापास्कल, आणि काँक्रीटची ताणातली ताकद ३-४च्या घरात. वाफेला वाट नसेल तर पोपडे उडतात, गोळीसारखे. काँक्रीट जितकं घट्ट आणि जास्त ताकदीचं, तितका हा धोका जास्त. १९९६ साली इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या चॅनल टनेलमध्ये आग लागली तेव्हा भक्कम अस्तर काही ठिकाणी खूप आतपर्यंत उडालं. उडून गेलेल्या काँक्रीटला कुठला जिवाणू सांधणार? म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घालतात, ते १६०-१७०ला वितळतात आणि वाफेला वाट करून देतात. युरोकोड २ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या युरोपीय नियमावलीत, जास्त ताकदीच्या काँक्रीटसाठी घनमीटरला २ किलो सांगितले आहेत. तुमच्या मिश्रणात ते आहेत का? नसतील तर घाला.

दुसरा प्रश्न: सळई किती तापली? गरम रोल केलेली सळई सहाशेपर्यंत जाऊन गार झाली तर बहुतेक ताकद परत येते. प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे आधीच ताणून बसवलेल्या तारांचं तसं नाही.

मग रंग. छिन्नीनं कोपरा उडवून आत बघतो. गुलाबी झाक दिसली की तिथं तीनशेच्या वर गेलं असं समजायचं. अर्थात खडीत लोह असेल तरच हा रंग येतो, न आल्यानं काही सिद्ध होत नाही. हातोडी मारत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज, पोकळ जागी ढब् असा.

हिशेबात युरोकोडची सोपी पद्धत आहे: ५०० अंशांची रेघ काढा, तिच्या बाहेरचं काँक्रीट नाही असं धरा, आतलं पूर्ण धरा. बाहेरचं आम्ही काढून टाकतो आणि नवीन भरतो. तुम्ही ज्याला सांधायला बघताय ते माझ्या दृष्टीनं मलबा आहे.

इतिहासप्रेमी_क्र_२

मध्येच तोंड घालतो. रोमन काँक्रीटमध्येही चुनकळीचे खडे राहिलेले असतात आणि तेच भेगा बुजवतात ना? अमेरिकेतल्या एमआयटीच्या अदमीर माशिच यांच्या गटानं २०२३मध्ये दाखवलं की तसं मिश्रण करून अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडली तर दोन आठवड्यांत पाणी झिरपणं थांबतं. मग भाजलेल्या काँक्रीटमधली चुनकळी वाईट कशी?

खडी_वाळू_वगैरे

चांगला प्रश्न. रोमन काँक्रीटमध्ये तो चुना अधूनमधून खड्यांच्या रूपात आहे आणि भोवतालचा गोंद धडधाकट आहे. भेग खड्यातून गेली की चुना पाण्यात विरघळून भेगेत उतरतो, फुगून कोणाला ढकलत नाही. भाजलेल्या काँक्रीटमध्ये चुनकळी पेस्टमध्ये सगळीकडे मुरलेली, आणि भोवतालचा गोंद स्वतःच खिळखिळा. खिशातले चार पैसे आणि घरभर सांडलेले पैसे, यातला फरक.

सळईवाले, तुमचा मलबा मान्य. पण ५०० अंशांच्या रेघेच्या आतलं 'पूर्ण धरा' हे हिशेबाचं झालं. रेघेच्या आत ३००-४०० झालेलं काँक्रीट खरंच पूर्ण असतं का? युरोकोडच्याच तक्त्यात गारगोटीच्या खडीला ४००वर ७५ टक्के लिहिलंय, आणि ते तापलेलं असतानाचं. ताईंचं काम या पट्ट्यात आहे. तो तुम्ही काढत नाही, तो तसाच राहतो, बारीक भेगांसकट.

सळई_कव्हर_पोपडे

हं. बरोबर आहे. त्या पट्ट्यातून ओल सळईपर्यंत जाते आणि पाच-सात वर्षांनी गंजाचे डाग घेऊन लोक परत येतात. तिथं काही करता आलं तर मी ऐकतोय.

भट्टीपाशी_बसलेली

महिन्याभरानं परत आले. आगरप्लेट, तुमच्या सांगण्यावरून प्लेटा लावल्या.

न भाजलेल्या क्यूबची पूड: प्लेटभर वसाहती. ३०० आणि ४००: कोऱ्या. तीन दिवस, पाच दिवस, आठवडा, कोऱ्याच. आठव्या दिवशी ४००च्या एका प्लेटवर हिरवट ठिपका दिसला आणि माझं काळीज लकाकलं. बुरशी निघाली, झाकण नीट बसलं नव्हतं.

मग क्यूब सोडून १५० मिमी जाडीचा स्लॅब ओतला, या वेळी पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घालून. भट्टीचं दार काढून त्या जागी तो उभा केला, म्हणजे एका तोंडाला आग आणि पाठ मोकळी. मामांना याची परवानगी देताना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आत वेगवेगळ्या खोलीवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, बसवल्या होत्या. सगळ्यांत बघण्यासारखा १०० मिमीवरचा: चढत चढत शंभराजवळ आला आणि तिथंच बसला. पाणी उकळून संपेपर्यंत काटा हलायला तयार नाही. तासभर मी त्याच्याकडे बघत होते. ५० मिमीवरचा तोवर दोनशे ओलांडून पुढे गेला होता.

गार झाल्यावर कोअर काढला, चकत्या केल्या, प्रत्येक चकतीची पूड प्लेटवर. आगीकडच्या ५० मिमीत काही नाही. १०० मिमीच्या आसपास तीनपैकी दोन प्लेटांवर मोजक्या वसाहती, तिसरी कोरी. पाठीकडच्या चकत्यांत भरपूर.

म्हणजे माझे जिवाणू जिवंत आहेत ते नेमके जिथं भेगाच नाहीत तिथं. भेगा आहेत तिथं एकही उरला नाही. गाईडना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मग आधी घालतेस कशाला? नंतर घाल." डेल्फ्टमध्येच जिवाणूंचं दुरुस्तीचं द्रावण जुन्या काँक्रीटवर फवारायचं कामही झालंय. मलबा काढल्यावर उघड्या पडलेल्या त्या ३००-४००च्या पट्ट्यावर ते फवारायचं, भाजलेल्या गोंदाला पाणीही मिळेल आणि जिवाणूंना भेगाही, असं आता ठरतंय. सळईवाले, कितीशा रुंदीच्या भेगा राहतात त्या पट्ट्यात, तुमच्या अनुभवानं?

सळई_कव्हर_पोपडे

केसाएवढ्या बहुतेक. सळईच्या कडेनं जाणाऱ्या काही जाड, तिथं नखाची कड अडकते. त्या बघा तुम्ही, त्याच त्रास देतात. छिन्नी मारून उघडलेला पृष्ठभाग धुळीनं भरलेला असतो, फवारायच्या आधी हवेनं झाडून घ्या, नाहीतर द्रावण धूळच पिऊन बसेल.

खडी_वाळू_वगैरे

आणि अर्ध्या भागावर नुसतं पाणी मारा, ताई. तेवढाच वेळ, तेवढंच पाणी. नाहीतर तीन आठवड्यांनी परत इथंच याल, चिठ्ठ्या झाकलेले फोटो घेऊन.